तेल्लेर्वोने स्वतःचंच उत्तर पुसलं

तेल्लेर्वो एकतीस वर्षं आमच्या लेहतोसाल्मी गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. ती निवृत्त झाली तेव्हा नातवंडांचे फोटो बघता यावेत म्हणून मुलीने तिला एक टॅब आणून दिला. फोटो तिने आठवडाभर बघितले. आठव्या दिवशी ती गावाच्या फेसबुक ग्रुपवर भांडत होती.

मी तिच्या वरच्या मजल्यावर राहते. सकाळी तिच्याकडे कॉफीला गेले की ती मला सगळं मोठ्याने वाचून दाखवायची.

"ऐक, हा काय म्हणतोय. बेकारांना म्हणे घरी बसायचा पगार मिळतो! कागद कारखाना बंद पडला तेव्हा हा कुठे झोपला होता?"

"सोड ना. कशाला उत्तर देतेस?"

"का? तो लिहितो ते चालतं, आणि मी लिहिलं की सोड?"

ती एकाच बोटाने टाइप करायची, पण ते बोट काचेवर असं आपटायचं की बशीतला चमचा हलायचा. बस बंद झाली, वाचनालयाची वेळ कमी केली, बाहेरून आलेल्या कुटुंबांना घरं आधी का दिली, काहीही असो, तेल्लेर्वो हजर. पक्ष कुठलाच नाही. डावे-उजवे दोघेही तिच्या तडाख्यात सापडायचे.

ग्रुप चालवायची सानेल्मा. तिचं केस कापायचं दुकान होतं आणि ती या ग्रुपपायी अगदी वैतागली होती. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आधीच सांगायचं, अमक्याने माझ्याबद्दल लिहिलंय ते काढून टाक. शेवटी तिने तेल्लेर्वोला फोन केला.

"आता तू सांभाळ गं बाई हे."

"मी? मला तर लोक भांडकुदळ म्हणतात."

"म्हणूनच. निम्मी भांडणं तुझीच असतात. तू मालकीण झालीस तर तेवढी तरी कमी होतील."

तेल्लेर्वोने ग्रुप घेतला आणि पहिल्याच दिवशी नियम टाकला. मत कितीही कडू असो, त्याला हात लागणार नाही. माणसावर शिवी आली की पुसली जाईल, मग ती कुणाचीही असो.

मे महिन्यात तिने स्वतःच विषय काढला. शाळेत रोज अन्न उरतं आणि फेकलं जातं. मुलं जेवून गेली की ज्यांना काम नाही, जे म्हातारे एकटे राहतात, त्यांना तिथे बसून जेवू द्या. 'मी माझ्या हाताने एकतीस वर्षं मटारचं सूप मोरीत ओतलंय,' असं तिने लिहिलं.

त्यावर ओस्सीचं उत्तर आलं. बंदरावर त्याची छोटी खानावळ आहे. तो आणि तेल्लेर्वो लहानपणी एकाच वर्गात होते. ओस्सी लिहितो तेव्हा पूर्णविराम देत नाही, त्यामुळे वाचताना दम लागतो. सार असं, की हिवाळ्यात माझ्याकडे येतात ते हेच दहा-बारा म्हातारे, नगरपालिका त्यांना फुकट वाढणार असेल तर मी दाराला कुलूप लावतो, आणि फुकटाची सवय लागली की माणूस कामाचा राहत नाही.

शेवटच्या वाक्यावर गाव पेटलं. तेल्लेर्वोची वहिनी इर्या हिने लिहिलं, 'ओस्सी, तुझ्या सूपमध्ये मांस दुर्बिणीने शोधावं लागतं, चिकट जाड्या!' तेल्लेर्वो खो खो हसली आणि ते पुसून टाकलं.

पाच मिनिटांत इर्याचा फोन. "माझंच पुसलंस? अगं, मी तुझ्या बाजूने बोलत होते!"

"सूपचं परत लिही, वहिनी. जाड्या तेवढा वगळ."

दुसऱ्या दिवशी मात्र तिचाच तोल गेला. तिने लिहिलं, 'ओस्सी, शाळेत दोनदा ताट घेऊन रांगेत कोण उभं राहायचं? फुकटखाऊ कुठला!' तासाभरात नव्वद लोकांनी हसरे चेहरे टाकले. तिने मला ते मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं. मीही हसले.

मग तिने ते पुन्हा एकदा मनात वाचलं. कॉफी निवली तरी कप उचलेना.

"काय झालं गं?"

"सहा भावंडं होती ती. बाप ओंडक्याखाली सापडला, त्याच वर्षीची गोष्ट आहे ही. मला माहीत होतं. आम्हां सगळ्यांनाच माहीत होतं."

तिने ते पुसलं आणि त्या जागी लिहिलं, 'माझं उत्तर मी काढलंय. नियमात बसत नव्हतं. ओस्सी, चुकलं माझं.'

तिसऱ्या दिवशी ओस्सीने लिहिलं, आणि चक्क पूर्णविराम देऊन. 'मी दुसरं ताट घ्यायचो. शनिवार-रविवार घरी काही नसायचं. फुकटाच्या सवयीचं मी बोललो ते मागे घेतो. पण माझ्या खानावळीचं काय, हा प्रश्न आहेच. त्याचं उत्तर द्या.'

'प्रश्न रास्त आहे,' तेल्लेर्वोने लिहिलं. 'कुणाला काही सुचतंय का?'

सुचलं ते इर्याला. 'ओस्सी, तू सोमवार-मंगळवार बंदच ठेवतोस ना रे? मग शाळेत तेच दोन दिवस वाढू देत.'

इतकं सोपं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. नगरपालिकेने जूनमध्ये लागणाऱ्या उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मंजुरी दिली. "बघ, माझं पुसत बसली होतीस," असं इर्या अजूनही ऐकवते.

शरद ऋतूतल्या पहिल्या सोमवारी आम्ही अठराजण जेवायला गेलो. खुर्च्या मुलांच्या मापाच्या, सगळ्यांचे गुडघे वर आलेले. ओस्सी सुट्टीचा दिवस म्हणून आला होता. तो तेल्लेर्वोच्या समोर बसला आणि मासे-बटाट्यांची चव घेऊन म्हणाला, "मीठ कमी आहे."

"मुलांचं जेवण आहे ते. तुझ्यासाठी नाही केलेलं."

"बरं, ते जाऊ दे. टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहणार म्हणतात. तुझं मत काय?"

"उभ्या राहायलाच पाहिजेत."

"वेड लागलंय तुला!"

मला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून मी उठले. तेल्लेर्वोने खुर्ची टेबलाजवळ ओढली, बाह्या सारल्या आणि म्हणाली, "हां, आता एकेक मुद्दा घे."