काकांच्या पूजेतून वाचलेलं वुडरफ

फुलाचं बी आणायला कुणी लातूरहून मुखेडला जातं का, असं आमच्या ह्यांनी विचारलं, तेव्हाच मी जायचं पक्कं केलं.

फूल म्हणजे वुडरफ. वीतभर रोप, देठाभोवती चक्रासारखी पानं आणि शेंड्याला बारीक निळ्या फुलांचा झुबका. आपल्या मंजिष्ठेच्या कुळातलं, पण थंड मुलखातलं. आपल्याकडे हिवाळ्यापुरतंच तग धरतं. मी दोनदा गच्चीवर पेरलं. एकदा उन्हाने करपलं, एकदा मी रोपं दुसऱ्या कुंडीत हलवली तर सगळ्यांनी माना टाकल्या. मग दुकानात बी मिळेनासंच झालं. अशात मुखेडच्या मावशीने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. मीच कधीतरी दिलेलं चिमूटभर बी तिच्याकडे मजेत फुललं होतं! आता मिळालं तर तिथूनच, नाहीतर वुडरफला कायमचा रामराम.

थेट एसटी नाही मिळाली तर शिरूर ताजबंदला गाडी बदला. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे हौस स्वस्तात भागते. मांडीवर रिकामा स्टीलचा डबा होता. शेजारच्या आजींना तो बघवेना.

"मोकळा डबा घेऊन कुठं जायलीस?"

"मावशीकडं. फुलाचं बी आणायला."

"खायचं हाय का ते?"

"नाही."

"मग इकायचं?"

"तेही नाही."

आजींनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि आपली पिशवी पलीकडच्या बाजूला घेतली. जांबपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. जांबला चहा आणि गरम भजी मात्र जरूर घ्या.

मुखेडला पोचले तर कुंडीत नुसता हिरवा पाला. फूल एक नाही!

"सकाळी बघ," मावशी म्हणाली. "लई फुलतंय." रात्री हुग्गी केली होती, गव्हाची खीर, वर तुपाची धार. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि निळी स्वप्नं बघत झोपले.

सकाळी उठले तर कुंडीत पुन्हा नुसता पाला. देवघरात मावशीचे यजमान, आमचे काका, बसलेले. कपाळावर भस्म, डाव्या तळहातावर लिंगायतांचं इष्टलिंग, आणि ते लिंग माझ्या वुडरफखाली पार झाकून गेलेलं. पूजेतल्या माणसाला हाक मारायची नाही, हे मला कळतं. दारात उभी राहून मी नुसती चरफडले.

पूजा आटोपताच मी सुरू झाले. "काका, रोज सगळी फुलं तोडली तर बी धरणार कसं? पुढच्या वर्षी काय करायचं?"

काकांचं किराणा दुकान आहे. गिऱ्हाइकाशी शांतपणे बोलायची त्यांना सवय. "फूल कशासाठी हाय? देवासाठी. मग तुझ्या डब्यापायी देवाला काय कागदाचं फूल वाहू?"

खरं सांगते, रडू यायचं बाकी होतं. मावशी निर्माल्याचं ताट घेऊन परसात निघाली, मी तोंड पाडून मागे गेले. कोपऱ्यात लिंबाच्या झाडाखाली तिने ताट रिकामं केलं, वर पूजेचं पाणी ओतलं. आणि मी किंचाळले.

त्या ढिगाभोवती वुडरफचा गालिचा पसरला होता! फुलं होती, बी धरलेले झुबकेही होते.

"मावशी, हे काय?"

"ते व्हय? निर्माल्यात उगवलेलं. देवाला चालत न्हाई, म्हणून कोण बघतंय तिकडं? पाय पडू द्यायचा न्हाई, झाडायचं बी न्हाई."

काका तोडताना बी धरलेले शेंडेही खुडत, ते इथे पडत. वुडरफला जे जे लागतं ते सगळं इथे होतं: लिंबाची विरळ सावली, रोजची ओल, कुजलेल्या पानाफुलांची हलकी माती आणि कुणीही न हलवणं. मी वाकून हात घालणार, तेवढ्यात मागून काका.

"आंघोळ झाली का?"

झाली नव्हती. बंब विझला होता. फेब्रुवारीच्या सकाळी गार पाण्याने, दात वाजवत केली, आणि मगच डब्यात बी पडलं.

तुम्हाला लावायचं असेल तर एवढंच: दिवाळीनंतर ऊन निवलं की पेरा. जिथे वाढवायचं तिथेच पेरा, वर चिमूटभरच माती. दुपारचं ऊन टाळा, ओल मोडू देऊ नका.

यंदा माझ्याकडे जिन्याच्या सावलीतल्या कुंडीत पहिला झुबका फुलला. मी आनंदाने काकांना फोन लावला.

"मग? देवाला वाहिलंस का?"

खोटं बोलवेना. "न्हाई काका. झाडावरच हाय अजून."

पलीकडे दुकानातल्या गलक्यात काकांनी कुणा गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं.

"ऱ्हाऊ दे मग," काका म्हणाले. "आधी बी धरू दे. मी बी एक कुंडी न तोडता सोडायलाव यंदा."