सुधाकरभाऊंचा कॉम्प्युटर आणि आमचे कान

नांदुऱ्यात आम्ही काहीजण दर रविवारी सकाळी सुधाकरभाऊंकडे जमतो. निघताना घरी सांगतो, गाणी ऐकायला चाललो. परत येताना मात्र गाण्यापेक्षा भाऊंचा एखादा किस्साच सोबत येतो. गाणी त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये साठतात, किस्से आमच्याकडे. आता इतके झालेत, की कोणता कोणाला सांगितलाय हेही लक्षात राहत नाही. म्हणून काही लिहून काढतोय.

सुधाकरभाऊ कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये विजेच्या मोटारी दुरुस्त करतात. शिक्षण दहावी. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत उभं राहणाऱ्या माणसाचे कान इतके तयार कसे, असं मी एकदा विचारलं. त्यांनी खिशातून कापसाचे दोन बोळे काढून दाखवले.

"सर, जिनिंगमध्ये याले काय तोटा हाय?"

मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून 'सर'.

*

आमची ओळखच मुळी आवाजावरून झाली. मी कॉम्प्युटरसाठी चांगले महागाचे स्पीकर आणले होते आणि गाणं ऐकून माझं तोंड उतरलं होतं. जुन्या डबडा स्पीकरांतून येत होता तसलाच आवाज. स्पीकर खराब निघाले म्हणून मी दुकानदाराशी भांडायच्या तयारीत होतो. कोणीतरी म्हणालं, आधी सुधाकरभाऊंना दाखवा.

भाऊ आले. स्पीकरला हातही लावला नाही. नुसते खोलीत फिरले, एकदा टाळी वाजवून पाहिली. माझा एक स्पीकर कपाटावर होता, दुसरा टेबलाखाली, आणि त्याचं तोंड भिंतीकडे.

"गाणं भिंतीले ऐकवता काय, सर?"

त्यांनी दोन्ही स्पीकर टेबलावर माझ्या कानांच्या उंचीला आणले, थोडे आत वळवले, मागच्या उघड्या भिंतीवर एक गोधडी टांगली आणि मला मधोमध बसवलं. मग माझंच गाणं लावलं. वीस वर्षं ऐकत असलेलं गाणं. त्यात सारंगी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

*

आमच्यातला सगळ्यात हौशी म्हणजे प्रकाश. बुलढाण्याला नोकरीला आहे, रविवारी एसटीने येतो. एकदा पेनड्राइव्ह नाचवत आला. त्याच्याकडची मोबाइलमधून गोळा केलेली हजारेक गाणी त्याने एका सॉफ्टवेअरने मोठ्या फाइलींमध्ये बदलून घेतली होती. एकेक फाइल आधीच्या दहापट. आता क्वालिटी बघा, म्हणाला.

भाऊंनी एक गाणं जुन्या फाइलीतून लावलं, मग नव्या. दोन्ही शेवटपर्यंत ऐकली. प्रकाशचा उत्साह मोडू नये, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी म्हणाले, "पातळ वरण मोठ्या गंजात ओतलं, तं ते घट्ट होते काय बे?"

पण तेवढं बोलून सोडून दिलं नाही. पुढचे कितीतरी रविवार प्रकाशच्या घरातल्या जुन्या सीडी ते त्याच्याबरोबर बसून कॉम्प्युटरवर नीट उतरवून देत होते. त्यातली गाणी आज आम्ही सगळे ऐकतो.

*

हाच प्रकाश पुढे एक भारीतली वायर घेऊन आला. कॉम्प्युटरपासून स्पीकरपर्यंत ही लावली की आवाज उजळतो, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. भाऊंनी वाद घातला नाही. टेबलापुढे चादर टांगली, वहिनींना बोलावलं आणि सांगितलं, मी खूण केली की वायर बदलायची. कधी साधी, कधी भारी. आम्ही फक्त ऐकायचं.

सहा वेळा गाणं लागलं. दर वेळी प्रकाश डोळे मिटून सांगे, ही भारी, ही साधी, आता बघा कसं मोकळं वाटतंय. भाऊ शेवटी म्हणाले, मले तं काहीच फरक कळला नाही.

मग चादर काढली. मागे कोणीच नव्हतं. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी तं कधीचीच कणीक भिजवून राह्यली."

सगळ्यात मोठ्याने प्रकाशच हसला.

*

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींचा नाच लॅपटॉपवरच्या गाण्यावर होता. गाणं लावलं की त्याच्यामागे मोठा गूं असा आवाज. साउंडवाल्याने वायरी बदलल्या, मिक्सर बदलला. मुली नटून स्टेजच्या कडेला उभ्या, एकीला रडू फुटायच्या बेतात. भाऊ प्रेक्षकांत होते. उठून आले, लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू दिला. गूं गेला.

"चार्जरबी गाऊन राह्यला होता, सर."

*

आता शेवटचा.

जानेफळहून सुमनकाकू आल्या होत्या, पुतण्याबरोबर. त्यांचे यजमान भजनं म्हणायचे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मागे राहिली ती घरी टेप केलेली एकच कॅसेट. तीही आता नुसती खरखरायची, आवाज गोधडीखालून आल्यासारखा. दोन ठिकाणी पुतण्याला नाही म्हणून सांगितलं होतं. काकूंनी कॅसेट रुमालात बांधून आणली होती.

भाऊंनी ती लगेच लावली नाही. आधी स्वतःची एक जुनी कॅसेट लावून टेपरेकॉर्डर तपासला, हेड स्पिरिटने पुसलं. नंतर काकूंच्या कॅसेटचं तडकलेलं कवच बदललं. हेडचा बारीक स्क्रू केसाएवढा फिरवत राहिले, आवाज उघडेपर्यंत. मग कॉम्प्युटरवर घेतलं. खरखर सगळी काढून टाका, असं पुतण्या म्हणाला होता. भाऊंनी थोडीच काढली. जास्त काढली तर माणूसही जातो, म्हणाले. या सगळ्याला पंधरा दिवस लागले.

दुसऱ्यांदा काकू आल्या तेव्हा मे महिना होता. भाऊंनी त्यांना दोन स्पीकरच्या मधोमध बसवलं. भजन सुरू झालं. गळा खणखणीत, श्वास घेतलेलाही कळत होता. पुतण्याचे डोळे भरून आले. काकू मात्र मान थोडी वाकडी करून ऐकत होत्या.

दुसऱ्या कडव्यानंतर गाणारा थांबला आणि मागे कुठेतरी कपबशी ठेवल्याचा आवाज आला. त्याच्याबरोबर बांगड्यांचा. अगदी बारीक.

काकूंनी आपलं मोकळं मनगट दुसऱ्या हाताने धरलं.

"हे मी हाव," त्या म्हणाल्या. "च्या घेऊन आली होती त्याईले."

भजन संपलं. पुतण्याने विचारलं, काकू, पुन्हा पहिल्यापासून लावायचं का? त्या नाही म्हणाल्या.

"तेवढंच लावा. च्याचं."

सुधाकरभाऊ उठले, डोक्यावरचा पंखा बंद केला आणि तेवढंच लावलं.