लास वेगासमधला उपवास

उपवासाने माणूस स्थिर होतो. शरीर हलकं होतं, जिभेवर ताबा येतो आणि मन एका जागी बसतं. हे मला माझ्या थोरल्या भावाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. चौसष्ट वर्षांचा होईपर्यंत हा माणूस महाशिवरात्रीलासुद्धा उपाशी राहिला नव्हता. नागपूरच्या घरी आईचा उपवास असला की तिच्या ताटलीतली अर्धी खिचडी तो संपवायचा आणि मग स्वतःच्या जेवणाला बसायचा. आता मात्र सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी, आणि मधेच एखादा प्रदोष. जेवायला फारसे दिवस उरतच नव्हते.

मग वहिनीचा फोन आला.

"तुझ्या दादाने पट्ट्याला नवीन भोक पाडलंय," ती म्हणाली. "उपवास नसतो त्या दिवशी ताट घेऊन बेसमेंटमध्ये जातो. म्हणतो, मीटिंग आहे. रिटायर होऊन वर्ष झालं, कसली मीटिंग?"

"भांडलात का?"

"भांडलो असतो तर मला कारण माहीत असतं ना! तू बघ बाई. तुझ्याशी बोलेल तो."

दादा आणि वहिनी न्यू जर्सीत, आयसेलिनजवळ राहतात. मी मिशिगनमध्ये, नोव्हायला. आमच्यात गाडीने दहा तासांचं अंतर आहे आणि दर रविवारचा फोन. फोनवर माणूस जेवतोय की नाही ते दिसत नाही. त्याच सुमारास माझ्या कंपनीने मला गाड्यांच्या सुरक्षिततेवरच्या एका परिषदेला पाठवायचं ठरवलं. परिषद लास वेगासला होती. सीटबेल्टचं महत्त्व सांगायला जुगाराचं शहर का निवडतात, हे मी विचारलं नाही. खोलीत दोन पलंग होते. मी दादाला फोन करून सांगितलं की मला एकटीला कंटाळा येईल, आणि वहिनीला नातीला सांभाळायचं होतं, त्यामुळे तो एकटाच आला.

विमानतळावर मी त्याला पाहिलं आणि वहिनी कमी बोलली होती असं वाटलं. शर्ट त्याच्या अंगावर नव्हता, खांद्यांना टांगलेला होता.

आमच्या हॉटेलात छतावर आकाश रंगवलेलं होतं. खाली कालवा, कालव्यात होड्या, होडीत पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घातलेले नावाडी. रस्त्याच्या टोकाच्या हॉटेलात पिरॅमिड होता, मधे लोखंडी मनोरा. जगातलं जे जे भव्य, त्याची एकेक झेरॉक्स काढून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावली होती. लिफ्टकडे जायचं तर दोन्ही हातांना जुगाराची यंत्रं, आणि प्रत्येकापुढे असा चेहरा करून बसलेला माणूस की जणू बँकेत नंबर लावलाय.

"खरं काय आहे इथं?" दादाने विचारलं.

"ऊन," मी म्हणाले.

बुफेच्या दारात उभं राहून त्याने आतल्या दोनशे पदार्थांकडे एकदा पाहिलं आणि सांगितलं, "आज चतुर्थी आहे."

मला हे अपेक्षित होतं. मी तयारीनिशी आले होते. बॅगेत साबुदाणा, दाण्याचा कूट, जिरं, मिरच्या आणि भाताचा छोटा इलेक्ट्रिक कुकर होता. विमानतळावर सुरक्षा अधिकाऱ्याने कुटाची पिशवी प्रकाशात धरून पाहिली होती आणि काय आहे विचारलं होतं. मी म्हणाले, धार्मिक पदार्थ. त्याने ती अदबीने परत ठेवली. मी आदल्या दिवशीच पोचले होते, त्यामुळे खोलीतल्या बर्फाच्या बादलीत मी सकाळीच साबुदाणा भिजत घातला होता. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. उपवास आहे ना? मग उपवासाचं खा. आता कुठे पळशील?

खिचडी उत्तम झाली, हे मी बहीण म्हणून नाही, इंजिनियर म्हणून सांगते. दाणा न् दाणा सुटा. मी ती कॉफीच्या दोन कपांत भरली आणि त्याच्या हातात प्लॅस्टिकचा चमचा दिला.

त्याने चमचा भरला आणि उचलला. कपापासून तोंडापर्यंत एक वीत अंतर. तेवढ्या प्रवासात चमचा रिकामा झाला. साबुदाणा त्याच्या पँटवर, पांढऱ्या चादरीवर, गालिच्यावर मोत्यांसारखा उडाला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. चमचा कपाच्या कडेवर टकटक वाजत राहिला.

"साबुदाणा नीट भिजला नाही," तो म्हणाला.

"साबुदाणा चांगला भिजलाय, दादा."

त्याने उजवा हात मांडीखाली दाबून धरला. 

"कधीपासून?"

"मागच्या दिवाळीपासून असेल. आधी फक्त कॉफीचा कप." तो चादरीवरचा एकेक दाणा डाव्या हाताने वेचत होता. "मंडळाच्या संक्रांतीच्या जेवणात एका काकूंच्या पैठणीवर कढी सांडली. नवी कोरी पैठणी. काकू हसून म्हणाल्या, असू दे, होतं असं. पण नंतर त्यांनी खुर्ची सरकवून घेतली."

"मग?"

"पुढच्या वेळी सांगून टाकलं, उपवास आहे. अगं, कोणी कारण विचारत नाही! उलट नमस्कार करतात. आजारी आहे म्हटलं असतं तर पन्नास जणांनी पन्नास डॉक्टर सांगितले असते."

या युक्तीला तोड नव्हती हे मला मान्य करावं लागलं. आमच्या समाजात न जेवणाऱ्या माणसाला छळायचं असतं. त्याने देवाचं नाव घेतलं की लगेच सोडतात. मी स्वतःच त्याला सोडलं नव्हतं, एवढंच. मी त्याच्यासाठी इतक्या लांबून बरोबर तोच पदार्थ आणला होता जो चमच्याशिवाय कोणी खात नाही.

"डॉक्टरांकडे गेलास?"

"नाही. आणि जाणार नाही. ते नाव सांगतील. नाव कळलं की तो रोग होतो. आत्ता नुसता हात हलतोय."

मी वाद घातला, तो बाथरूममध्ये निघून गेला. असा आमचा पहिला दिवस संपला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारी माझी परिषद आटोपली. आम्ही टॅक्सी केली. चालक आमच्याच वयाचा, इथिओपियाचा. दादाने त्यालाही तोच प्रश्न विचारला: या गावात खरं काय आहे?

चालकाने गंभीरपणे विचार केला. "दोन गोष्टी," तो म्हणाला. "जुन्या व्हिडिओ गेमची एक वखार. आणि माझ्या बहिणीच्या हातचं जेवण."

"गेम?" दादा पुढे सरकून बसला.

हे समजायला नागपूर सांगावं लागेल. आम्ही शाळा-कॉलेजात होतो तेव्हा आमच्या वस्तीत, सायकलच्या दुकानामागच्या खोलीत, एक गेमचं यंत्र आलं. पडद्यावर वर किड्यांसारख्या विमानांच्या रांगा, खाली आपलं एकटं विमान. डाव्या हाताने दांडा हलवायचा, उजव्या हाताने बटण दाबून गोळ्या मारायच्या. त्या खोलीत दादा सम्राट होता. सगळ्यात मोठा आकडा दुकानदार भिंतीवर खडूने लिहायचा आणि तो कायम दादाचा असायचा. काही मुलं पेनाचं टोपण बटणावर घासायची, म्हणजे गोळ्या भराभर सुटायच्या. दादा तसं करणाऱ्यांशी बोलायचा नाही. प्रत्येक गोळी स्वतः मारलेली असली पाहिजे, हे त्याचं तत्त्व. मी त्याच्या वह्या धरून मागे उभी असायचे, त्यामुळे मला हे तत्त्व फार वेळा ऐकावं लागलं.

वखार खरंच वखार होती. पत्र्याचं छप्पर, जुना गालिचा, ओळीने उभी यंत्रं. कुठेही सोनेरी खांब नाही. त्या शहरात आल्यापासून पहिल्यांदा मी अशा खोलीत शिरले होते जी दुसरी कुठली तरी खोली असल्याचा आव आणत नव्हती. दाराशी एक म्हातारे गृहस्थ स्टुलावर बसून एका यंत्राचं पोट उघडून तारा जोडत होते. तिसऱ्या ओळीत ते होतं. तेच किडे, तीच रांग.

दादा त्याच्यासमोर उभा राहिला. हात खिशात. पडद्यावर पहिल्या पाच आकड्यांची यादी झळकत होती.

"खेळ ना," मी म्हणाले.

"पहिल्या पाचात आलो तर डॉक्टरचं नाव काढायचं नाही," तो एकदम म्हणाला. "नाही आलो तर तू म्हणशील ते."

"कबूल."

लास वेगासमध्ये आम्ही लावलेली ही एकमेव पैज.

पहिलं नाणं पंधरा सेकंदांत गेलं, दुसरं त्याहून लवकर. तिसऱ्याला त्याचा डावा हात जागा झाला. दांडा कसा तिरका घ्यायचा, कोणत्या किड्याला आधी जाऊ द्यायचं, सगळं त्याच्या मनगटात शाबूत होतं. आणि उजवा हात? तो बटणावर होता आणि थरथरत होता. बटणाला थरथर आणि मारा यांतला फरक कळत नाही. गोळ्यांची नुसती धार लागली. किडे रांगेने फुटत होते. शेजारच्या यंत्रावरची एक बाई आपला खेळ सोडून बघायला आली.

"वॉव," ती म्हणाली. "काय वेग आहे यांच्या हाताला!"

  त्याची मान मला मागून दिसत होती, आणि ती विजेत्याची मान नव्हती.

शेवटचं विमान फुटलं तेव्हा तो चौथा आला होता. यंत्राने नावाची तीन अक्षरं मागितली. त्याने ती दिली नाहीत, वेळ संपून गेली, आणि यादीत चौथ्या जागेवर यंत्राने स्वतःच एक अक्षर तीनदा लिहून टाकलं.

"अरे, काय करून राहिला? नाव टाक ना!" मी म्हणाले.

"माझं नाही ते."

स्टुलावरच्या म्हाताऱ्यांनी आम्ही नाराज झालो असं समजून लांबूनच धीर दिला: काळजी करू नका, तसंही रात्री वीज बंद केली की ही यंत्रं सगळं विसरतात. उद्या पुन्हा कोरी.

"बरं आहे," दादा म्हणाला.

चालकाच्या बहिणीचं हॉटेल तिथून जवळच, कपडे धुण्याचं दुकान आणि विमा एजंट यांच्या मधे होतं. पाच टेबलं. बहिणीला भावाने आधीच फोन केला असावा, कारण तिने आम्हाला काही विचारलंच नाही. एका मोठ्या थाळीवर अंथरलेली मऊ, जाळीदार, आंबूस भाकरी आली. आंबोळीची थोरली बहीण म्हणावी अशी. तिच्यावर मसुराची लालभडक उसळ, कोबी-गाजराची भाजी, काळपट हिरवा पाला आणि चण्याच्या पिठाचं घट्ट पिठलं. पिठलंच ते, त्यांनी त्याला वेगळं नाव दिलंय इतकंच. थाळी एकच, दोघांत. टेबलावर चमचा नव्हता. मी मुद्दाम शोधला. कुठेच नव्हता.

दादा थाळीकडे बघत होता.

"आज गुरुवार ना तुझा?" मी विचारलं.

त्याने घड्याळात पाहिलं. "भारतात शुक्रवार लागला."

त्याने भाकरीचा तुकडा तोडला, उसळीवर दाबला, मूठ केल्यासारखं धरून तोंडात घातला. बोटं थरथरत होती, पण भाकरीने उसळ घट्ट पकडली होती. थोडं थाळीत सांडलं, ते खालच्या भाकरीने शोषून घेतलं. सांडलेलंही जेवणातच धरायचं, अशी त्या थाळीची रचनाच होती. त्याने दुसरा तुकडा तोडला. मग माझ्या बाजूच्या पिठल्याकडे हात वळवला.

"ए, तिकडचं माझं आहे," मी म्हणाले.

"तू लहानपणापासून हळू खाते."

स्वयंपाकघराच्या दारातून चालकाची बहीण बघत होती. तिने येऊन आणखी एक भाकरी ठेवली, न विचारता. नंतर आणखी एक.  

तिसरी भाकरी अर्धी झाल्यावर तो थाळीकडेच बघत म्हणाला, "छोटे, पैज तू जिंकली."

"तू चौथा आलास."

"त्यातल्या अर्ध्या गोळ्या मी मारल्याच नाहीत. बटण घासण्यासारखंच झालं ते." त्याने उजवा हात टेबलावर ठेवला, उघडा, सगळ्यांना दिसेल असा, आणि हलू दिला. "अपॉइंटमेंट घे. आणि तुझ्या वहिनीला मी सांगतो. तू सांगू नको, तू वाढवून सांगते."

त्याने तिथूनच तिला फोन लावला आणि पैठणीपासून सगळं सांगितलं.  वहिनी इतक्या मोठ्याने ओरडली की मला समोर बसून ऐकू आलं: "बेसमेंटमध्ये एकटा बसून जेवला तू आठ महिने! मी काय पैठणी नेसून बसते असं वाटलं का?"

तो हसला, आणि फोन कानाला तसाच धरून त्याने डाव्या हाताने उरलेलं पिठलं निपटलं.

न्यूरॉलॉजिस्टची वेळ तीन महिन्यांनंतरची मिळाली. त्याआधी नेहमीच्या डॉक्टरांकडे रक्ताची तपासणी होती, पुढच्याच गुरुवारी. वहिनीने दवाखान्याची सूचना मला फॉरवर्ड केली. आदल्या रात्री आठपासून कडक उपवास करायचा होता.