रुमालाबाहेरचा भाव

थांबाकाकी बाजारात शिरली की पहिल्या फेरीत कशालाही हात लावायची नाही. पिशवीची घडी काखेत दाबलेली, डोक्यावर पदर, आणि नजर प्रत्येक पाटीवर. मिरच्यांचे ढीग, वांगी, सुके बोंबील, कासार, भांडीवाले असं सगळं पार करून ती बाजाराच्या पार त्या टोकाला जायची, झाडाखाली घोटभर पाणी प्यायची आणि मग परतीच्या वाटेवर एकेक जिन्नस घेत यायची. "पिशवी दिसली की भाव चढतोय बाई," असं तिचं म्हणणं. शेजारच्या घरची नवी सून म्हणून मी तिच्यामागून पाय ओढत चालायची. मी सांगलीत वाढलेली. दुकानात जायचं, वस्तू मागायची आणि पैसे टाकून मोकळं व्हायचं, एवढीच मला खरेदी ठाऊक होती.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या वर्षांतली गोष्ट. आमचं गाव इस्लामपूरच्या अलीकडे, उसाच्या पट्ट्यात. गल्लीतले निम्मे बापये पलटणीत होते, काकीचा नवराही त्यांतच. सासू-सासरे गेलेले, पोटी मूल नाही. घरात ती, गोठ्यात बैलजोडी आणि ओढ्याकाठी तीन एकर जमीन. दीर गावातच वेगळा राहायचा. रॉकेल मिळेना, साखर दिसेना, कापडाचा तर तुकडा बघायला मिळेना, अशा त्या दिवसांत बाकीच्या घरांत महिनाअखेरीला रड असायची आणि काकीच्या घरात शांतता. मला वाटायचं, हिला नवरा जास्त पैसे पाठवत असणार. तर तेही नाही. गल्लीत सगळ्यात लहान मनीऑर्डर तिचीच यायची.

मनीऑर्डर आली त्या आठवड्यात मात्र ती बाजाराचं नाव काढायची नाही. इतर बायका पोस्टमनची पाठ वळायच्या आत चपला शोधायच्या. काकी पैसे डब्यात ठेवायची आणि जात्यावर बसायची. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "आत्ताच आलेला पैसा गरम आसतोय, हातात ठरत न्हाई. निवू दे की जरा." आणि बाजाराला निघायच्या आधी ती भाकरी खाऊन घ्यायची, मलाही खायला लावायची. का, ते मला भज्यांच्या कढईजवळून जाताना समजलं.

तिचं नाव थांबाकाकी पडलं ते मात्र माझ्यासारख्यांमुळे; कुणीही घाईनं वस्तूला हात घातला की ती "थांबा!" म्हणायची. एका बाजारी कासाराकडच्या हिरव्या रेशमी बांगड्यांवर माझा जीव जडला. हात पुढे केला तोच काकीचा आवाज आला, "थांबा! ह्या बाजाराला बघ, फुडच्या बाजाराला इचार, तिसऱ्या बाजाराला घे." मला राग आला. घरी जाऊन मी उशीत तोंड खुपसून रडले, आता सांगायला लाज कसली! दुसऱ्या बाजारी मी बांगड्यांकडे नुसतं पाहिलं. तिसऱ्या बाजारी कासाराच्या पुढून गेले आणि बांगड्या बघायचं राहूनच गेलं, हे घरी आल्यावर ध्यानात आलं. काकीला सांगितलं तर ती हसली नाही की "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असंही म्हणाली नाही.

तिची खरेदी ऋतूच्या उलट चालायची. छत्री दिवाळीनंतर, घोंगडं उन्हाळ्यात, जेव्हा त्यांना कुणी विचारत नसे. गुऱ्हाळं उठायच्या बेताला आली की गुळाच्या फुटक्या ढेपा स्वस्त मिळायच्या. ती गल्लीतल्या पाच घरांना गोळा करायची, सगळ्यांची मिळून एक रास उचलायची आणि अंगणात बसून वाटे घालायची. वाटे घालताना स्वतःचा वाटा सगळ्यांत शेवटी उचलायची. या बाईपुढे भांडायला कुणाची जीभ उचलत नसे, माझ्या सासूचीसुद्धा, आणि माझी सासू म्हणजे काय चीज होती ते आमच्या गल्लीला विचारा.

अशातच एका वर्षी पेरणीच्या तोंडावर काकीचा एक बैल गेला. संध्याकाळी दीर येऊन ओट्यावर बसला. "वैनी, एका बैलावर काय हुतंय? जमीन माझ्याकडं लावा वाट्यानं. दादा आल्यावर बघू." एकदा त्याच्याकडे गेलेली जमीन परत येणार नाही, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. काकीनं तीन वर्षं थांबून थांबून एकशे सत्तर रुपये राखले होते. ती म्हणाली, "बैल घेऊ या, भावजी. तुमी बाजाराला जा." दीर गेला आणि हात हलवत आला. दोनशेच्या खाली बैल नाही म्हणाला. पुढच्या बाजारालाही तेच. आभाळ भरून यायला लागलं होतं. तिसऱ्या बाजाराला काकी स्वतः निघाली, दीर बरोबर, आणि सोबतीला मी. माझ्या सासूनं कपाळावर हात मारला. "बायका कवा बैलाच्या बाजारात जात्यात व्हय?"

बैलांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आपल्या आणि गिऱ्हाइकाच्या हातावर रुमाल टाकतो आणि आतल्या आत बोटं दाबून आकडा सांगतो. मग तसाच जाऊन विकणाऱ्याची बोटं दाबतो. कुणाला किती सांगितलं, ते त्याचं त्यालाच माहीत. काकीनं आधी अख्ख्या बाजाराला फेरी मारली. दात पाहिले, खूर पाहिले, जनावरं चालवून बघितली. शेवटी माणदेशातल्या एका म्हाताऱ्याच्या पांढऱ्या खिलार बैलापाशी ती थांबली. दलालानं म्हाताऱ्याचा हात रुमालाखाली धरला, सोडला आणि इकडे तिकडे बघत आमच्याकडे आला.

"मालक कुटं हायेत?"

"मालक लढाईवर हायेत. सौदा मी करनार."

दलालाचा रुमाल हातातच राहिला. भोवतीचे लोक हसले. दीर पुढे झाला, "सरा वैनी, मी धरतो हात."

"न्हाई भावजी," काकी म्हणाली. "परक्या बापयाचा हात मी धरायची न्हाई. आन् माझ्यासाटी तुमी धरला तर मला काय कळनार? आवं दलालदादा, देवानं तोंड दिलंय. तोंडानं बोला, चारचौघांत बोला."

"बाई, बाजाराची रीत हाय ही."

"बापयांची रीत हाय. बाईमान्सासाटी अजून पडलीच न्हाई. आज पाडा."

तिचा आवाज चढला नव्हता. भाजीचा भाव विचारावा तशी ती उभी होती. लोक आता हसत नव्हते. म्हातारा मागून म्हणाला, "बोला की रं. मलाबी ऐकू दे." दलालानं रुमाल खांद्यावर टाकला आणि तो बोलला, "दोनशे."

"दोनशे?" म्हातारा ताडकन उठला. "आन् आत्ता माझ्या हातात दीडशेचीच बोटं दाबलीस की रं गड्या!"

मग जो गलका उडाला तो सांगत बसत नाही. मला आठवते ती काकी. दीडशेला बैल सोडवून घेता आला असता. म्हाताऱ्यानं मान हलवलीही असती, त्याच्या गावाकडे दुष्काळ होता. काकी त्याच्यापुढे खाली बसली आणि कनवटीचे पैसे काढले. "एकशे साठ घ्या बाबा. तुमी पोसलाय त्याला. मला घासाघीस मधल्याशी करायची हुती, तुमच्याशी न्हाई." दलालापुढेही तिनं त्याची रीतीप्रमाणे होणारी दलाली ठेवली. इतकं मोठं माणूस मी त्याआधी जवळून पाहिलं नव्हतं, आणि नंतरही फार पाहिली नाहीत.

परतीच्या वाटेवर दीर बैलाचा कासरा धरून आमच्या पुढे पुढे चालत राहिला. त्याला दलालाची ही लबाडी आधीपासून माहीत होती की नव्हती, हे काकीनं कधी विचारलं नाही. वेळेवर पाऊस झाला, वेळेवर पेरणी झाली. लढाई संपून नवरा परत आला तो पायानं अधू होऊन, पण जमीन त्याची वाट बघत जागच्या जागी होती.

पुढे माझ्या यजमानांना साताऱ्याला नोकरी लागली आणि आमचं बिऱ्हाड हललं. सात-आठ वर्षांनी एकदा गावी गेले तेव्हा काकीच्या अंगणात जनावरांचा एक व्यापारी बसला होता. बाजारातून आणलेला तो खिलार बैल आता थकला होता, औताला चालत नव्हता. त्या साली वैरण विकत घ्यावी लागत होती आणि तीही मिळेल त्या भावानं. काका व्यापाऱ्याला म्हणाले, "न्हाई म्हंजे... बसून खातोय, हे खरं हाय." काकी गोठ्यातून बाहेर आली. तिला मी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं, तशी ती तेव्हा चिडली होती.

"खाऊ दे!" ती नवऱ्याला म्हणाली. "तुमी न्हवता तवा जमीन ह्येच्या मानंवर हुती. ह्येचा भाव म्या एकदा केलाय. पुन्ना व्हायचा न्हाई."

व्यापारी उठून गेला. काकीनं विकत आणलेल्या कडब्याची पेंडी सोडली, कोवळी कोवळी ताटं निवडली आणि त्या म्हाताऱ्या बैलापुढे टाकली.