मनगटावरचे केस

आज सुनेनं सुरीला धार लावायला आबांचा दगड काढला. ओल्या दगडाचा, घासल्या लोखंडाचा वास आला आणि मी उदगीरजवळच्या आमच्या जुन्या ओसरीवर जाऊन बसले.

आबा, माझे वडील, सुतार. धार लावली की लाकूड तासायची पटाशी डाव्या मनगटावर फिरवून पाहायचे. केस साफ निघाले तर धार खरी. ते मनगट कायम गुळगुळीत. लातूर नवा जिल्हा झाला, त्याच सुमारास दुष्काळ पडला आणि गावात काम उरलं नाही. "तिथं कचेऱ्या बांधायलेत, दारं-खिडक्या लागतीलच," म्हणत पटाशी आणि दगड फडक्यात गुंडाळून आबा गेले.

दोन महिन्यांनी आले. मी मनगट धरून हसले, "आबा, लई केस आले की तुमच्या हातावर!"

 आबा दगड घेऊन बसले, पाणी मागितलं.

"प्यायला न्हाई, अन् दगडाला कुठून देऊ?" म्हणत आईनं अर्धा पेला दिलाच.

आबांनी पटाशी घासली, मनगट साफ केलं. "आता बघ."

मी खूश झाले. त्या केसांचा अर्थ मला फार उशिरा कळला.

दुसऱ्या दिवशी आबा लातूरला परत गेले, सिमेंटची घमेली उचलायला. या खेपेला पटाशी आणि दगड घरीच ठेवून.