विलासभाऊंचा फोटो मी का काढला

विलासभाऊ हार्टनं गेले. त्यांची वेबसाइट मात्र मी मारली.

आज वर्ष झालं. ग्रुपवर कालपासून मेसेज येतायत. "मंगेश, वेबसाइटवर पुण्यस्मरणाचा फोटो टाक. मागच्या वेळी टाकून काढून घेतला होतास."

टाकणार नाही. का, ते वर्षभर कोणाला सांगितलं नाही. आज सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. लोहाऱ्याला आमचं दोघांचं एकच शटर होतं. पुढे माझी फ्लेक्सची मशीन, मागे प्लायवूडच्या आडोशाला विलासभाऊ आणि त्यांचा कॉम्प्युटर.

वेबसाइट बनवायचे. कोणाच्या क्लासची, कोणाच्या मंगल कार्यालयाची. पण जीव एकीतच अडकलेला. जिल्ह्यातल्या रक्तदात्यांची यादी.

तालुका निवडा, रक्तगट निवडा, नाव-नंबर समोर. बस्स.

फोटो नाही, लोगो नाही, सरकणारी पट्टी नाही. अक्षरंसुद्धा मोबाइलमध्ये आधीपासून असतात तीच. "नवे फॉन्ट लोकायले कायले डाउनलोड कराले लावू?"

मी फ्लेक्सवाला माणूस. मला ते पान बोडकं वाटायचं.

"भाऊ, एखादा फोटो तरी टाका ना."

"ज्याले रक्त पाह्यजे थो फोटो पाहाले येऊन राह्यला काय बे?"



त्यांचं एक वेडच होतं. पानात जरा काही बदललं की काचेला तडा गेलेला जुना मोबाइल घ्यायचा, नेरची एसटी पकडायची, आणि रेंज जेमतेम येते त्या स्टँडवरच्या गर्दीत उभं राहून ते पान उघडायचं.

तोंडानं सेकंद मोजायचे. मोठ्यानं.

"एक. दोन. तीन."

चारावर गेलं की चेहरा पडायचा. मग परतीच्या गाडीत खिडकीशी बसून, काय कापायचं ते ठरवत यायचे.

एकदा मी सोबत गेलतो. लोक वळून वळून बघत होते. मला तर लाज वाटली.

"इतक्या दूर काहून येता भाऊ? आपल्याकडे वायफाय आहे ना."

"घाईतला मानूस कुठी उभा राहीन, तुले मालूम हाय काय?"

मग ते गेले. खुर्चीतच. चहा यायचा होता.

तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लावायचं ठरलं. मीच बनवला. हसरा फोटो, मोठी मिशी, चारी बाजूंनी फुलं. आमच्या प्रत्येक फ्लेक्सवर असतो तसा खाली कोपऱ्यात माझा नंबर. करताना रडत होतो, खोटं कशाला सांगू.

ग्रुपवर कोणीतरी म्हणालं, हाच वेबसाइटवर पण पाहिजे. आधी भाऊंचं दर्शन, मग यादी.

सगळ्यांनी हात जोडले. मीही.

पासवर्ड माझ्याकडे होता. एका ओळखीच्या पोराकडून तसं करून घेतलं. फोटो पूर्ण आल्याशिवाय यादी दिसणारच नाही. आणि फाइल टाकली ती चौकातल्या फ्लेक्सचीच. दहा फूट बाय आठ फुटांची, जशीच्या तशी.

शटरमध्ये वायफायवर उघडून पाहिलं. पटकन आली. भाऊ काय छान दिसत होते!

नेरला जाऊन पाहायचं मला सुचलंच नाही.

दीड महिन्यानं एका संध्याकाळी फोन आला. राजूरचा माणूस. खाणीत कामाला. आवाज एकदम शांत.

"दादा, थो फोटोवाला नंबर तुमचाच काय?"

मला वाटलं, फ्लेक्सची ऑर्डर आहे.

"थो फोटो काढून टाका दादा. पान उघडूनच नाही राह्यलं. बायकोले ओ निगेटिव्ह पाह्यजे व्हतं. डॉक्टर म्हने डोनर आना. मी सकायपासून दवाखान्याच्या पायरीवर मोबाइल धरून उभा. आधी फुलं दिसले. मंग कपाय. मंग डोये. मंग अटकलं. पुन्हा केलं त पुन्हा फुलं."

"मिळालं का मग रक्त?"

"नाही ना. बारा वाजता गेली थे."

मी चालू मशीन बंद केली.

"आता पूर्ण उतरला फोटो, तवा खाली तुमचा नंबर दिसला. दुसऱ्या कोनाले तरास नोको म्हनून फोन केला. कोन व्हते जी थे? हासून राह्यले फोटोत. चांगला मानूस व्हता वाटते."

"हो," म्हटलं. "चांगला होता."

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

फोटो त्याच मिनिटाला काढला. मग ग्रुपवर तुम्ही मला काय काय बोललात ते आठवतं ना? दोन महिन्यांत भाऊंना विसरला, म्हणालात. मी सर्व्हरचा प्रॉब्लेम सांगितला. खोटं होतं ते.

रक्त मिळालं असतं तर ती वाचली असती का, मला माहीत नाही. यादीत त्या भागातले दोन ओ निगेटिव्ह आहेत. दोघांनाही मी नंतर फोन लावून पाहिला. दोघांनीही पहिल्या रिंगला उचलला.

त्या माणसाचा नंबर आता लागत नाही.

तुम्ही म्हणाल, आता फोटो लहान करून टाक. येतो मला लहान करता. त्यानंतर शिकलो सगळं. काय करू त्या शिकण्याचं? यादीतले निम्मे नंबर आता बंद पडलेत. नवे गोळा करणारा माणूस नाही. माझ्यात ती चिकाटी नाही, हेही सांगून टाकतो.

आज सकाळी भाऊंचा तडा गेलेला मोबाइल घेऊन नेरला गेलो होतो. स्टँडवर उभं राहून पान उघडलं. मोठ्यानं मोजलं. या वेळी लाज वाटली नाही.

दोनवर उघडलं.

ती बाई काही परत येत नाही.

या पोस्टला फोटो नाही. कमेंटमध्ये पण कोणी टाकू नका, हात जोडतो.

विलासभाऊ, तुम्हाला श्रद्धांजली. तिलाही, जिचं नाव मी विचारलं नाही. नुसती अक्षरं आहेत, कुठेही उभं राहिलं तरी उघडतील.