कोकोपीट धुणाऱ्या मावशी

भिजवलेल्या कोकोपीटचं, म्हणजे नारळाच्या भुशाचं, पाणी त्या तळहातावर निथळून घ्यायच्या, जिभेच्या टोकानं चाखायच्या आणि बाजूला थुंकून म्हणायच्या, "अजून खारा हाय, बाई." मग पुन्हा एक पाणी.

असं नुसतं चाखून निकाल देणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. माझी अडचण एवढीच, की तो निकाल देण्याचा पगार मला मिळत होता.

उलव्याच्या पुढे, उरणच्या रस्त्याला आमचं पॉलीहाऊस होतं. आत रंगीत ढोबळी मिरची आणि काकडी. मी साताऱ्याकडची, शेतीची पदवी घेतलेली. मावशी वेली बांधायच्या कामावर. त्यांच्या माहेरी मिठागर होतं, सासरी भातशेती. आता दोन्हीकडे इमारती उभ्या होत्या. मुलगा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. घरात बसून टीव्ही किती बघायचा, म्हणून त्या कामाला आल्या होत्या.

आधी आम्ही रॉकवूलच्या, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंच्या लाद्यांवर रोपं वाढवायचो. हंगाम संपला तरी त्या कुजत नसत, आणि पॉलीहाऊसमागे त्यांचा हा एवढा ढीग साचला. मालक म्हणाले, मातीत मिसळून जाईल असं काहीतरी शोधा. मी आठवडाभर लॅपटॉपवर प्रमाणं मांडत बसले. मावशींनी नारळाच्या सोडणांचा भुसा, कुजवलेलं भाताचं तूस आणि गांडूळखत घमेल्यात कालवलं, मूठ आवळून पाहिली आणि चार पिशव्या भरल्या. त्या चार पिशव्यांतल्या मिरच्या माझ्या सगळ्या रांगेच्या आधी फुलल्या.

तेव्हापासून मालक आले की आधी मावशींकडे जायचे. क्षार मोजायच्या माझ्या मीटरनं ठीक म्हटलं तरी विचारायचे, मावशी काय म्हणतात? एकदा तर मीटरच बिघडलेलं निघालं. "त्याला जीभ नाय ना, बाई," मावशी म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी डबा मात्र न उघडताच घरी नेला.

पुढची सगळी लागवड त्यांच्याच मिश्रणावर करायचं ठरलं. ऐन वेळी मावशी भाचीच्या लग्नाला दोन दिवस मोरा गावाला गेल्या. जाताना सांगून गेल्या, शेवटचं एक पाणी राहिलंय, ते देऊन मगच रोपं लावा. मी पाणी दिलं नाही. रोपं लावून घेतली. विसरले, असं मालकांना सांगता आलं असतं. तुम्हाला तसं सांगत नाही. मला त्यांचं एकदा तरी चुकलेलं बघायचं होतं.

आठ-दहा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मालक सगळ्यांसमोर मावशींना बोलले, अंदाजावर शेती होत नसते म्हणाले. त्या खाली बघत उभ्या राहिल्या. मला बरं वाटलं. खरंच वाटलं, थोडा वेळ.

मालक गेल्यावर त्या एका पिशवीपाशी उकिडव्या बसल्या, खाली निथळलेलं पाणी बोटावर घेऊन चाखलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"शेवटचा पानी दिला का, बाई?"

मी नकारार्थी मान हलवली. का, ते त्यांनी विचारलं नाही. पदर खोचला.

"मंग चला. रोपांनी काय केलंय?"

दोन दिवस आम्ही दोघींनी पाइप धरून एकेक पिशवी गोड्या पाण्यानं धुतली. मध्ये त्यांनी मला लग्नातल्या मानपानाच्या गमती सांगितल्या, आपल्या डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी खायला लावली. निम्म्याहून जास्त रोपं वाचली. मालकांना त्यांनी काही सांगितलं नाही. मीही नाही.

त्या हंगामानंतर मावशींचे गुडघे गेले आणि त्यांनी काम सोडलं. यंदा त्या वारल्या. तेराव्याला मी त्यांच्या घरी गेले. तिथं एक नर्सरीवाला दहा जणांना सांगत होता, की मावशींनी ही विद्या फक्त त्यालाच दिली, मुलासारखं जवळ बसवून शिकवलं. मला उठून सांगायचं होतं, की सलग दोन दिवस त्या माझ्याशेजारी बसल्या होत्या, माझा हात धरून एकेक पिशवी धुवून घेत होत्या.

पण पिशव्या पुन्हा धुवाव्या कशासाठी लागल्या, असं कुणी विचारलं असतं. मी त्याचं ऐकत राहिले.